शिक्क्याची माणसं: हंगेरीतले सात दिवस

मी एकतीस वर्षं दुय्यम निबंधक कार्यालयात काढली. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, मृत्युपत्र. निवृत्तीनंतर लोक चारधामला जातात. मी हंगेरीला गेले, आणि त्याला कारणीभूत माझा भाचा. तो बुडापेस्टला नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं एका जुन्या चर्मपत्राचा फोटो पाठवला होता. वरची कड नागमोडी कापलेली आणि त्या कडेवर अर्धी तुटलेली अक्षरं. खाली लिहिलं होतं, "मावशी, हे तुझ्या खात्याचं दिसतंय."

खात्याचंच होतं. एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर दोनदा लिहायचा, मधल्या कोऱ्या पट्टीत ए, बी, सी अशी अक्षरं काढायची आणि नेमकं त्या अक्षरांच्या पोटातून कापायचं. एक तुकडा लिहून देणाऱ्याकडे, दुसरा लिहून घेणाऱ्याकडे. पुढे भांडण झालं की तुकडे शेजारी ठेवायचे. अक्षरं जुळली तर दस्त खरा. मला हे फार आवडलं. पण गंमत पुढेच होती. हे दस्त करणारे राजाचे कारकून नव्हते, ते कॅथेड्रलचे पाद्री होते.

बिशपच्या मुख्य चर्चमध्ये रोजची उपासना चालवायला पाद्र्यांचं एक मंडळ असे. लॅटिनमध्ये कापितुलुम, हंगेरियनमध्ये काप्तालान. त्यातला प्रत्येक सभासद म्हणजे कानोनोक. मंडळाची स्वतःची गावं, स्वतःचं उत्पन्न आणि स्वतःचा शिक्का. दक्षिण युरोपात असे व्यवहार नोटरी करायचे, हंगेरीत नोटरी फारसे रुजलेच नाहीत. मग लिहिता-वाचता येणारी आणि शिक्का असलेली जी माणसं होती त्यांच्याकडे लोक गेले. तेराव्या शतकापासून हे काप्तालान आणि काही मोठे मठ देशभरच्या जमिनींचे व्यवहार लिहून, शिक्का मारून देऊ लागले. अशा ठिकाणाला नाव होतं हितेलेश हेय, म्हणजे खात्रीची जागा. हा कारभार १८७४ पर्यंत चालला. साडेसहाशे वर्षं! आमच्या खात्याला अजून तितकी झालेली नाहीत.

तर मला चर्चेस बघायची नव्हती. मला रजिस्ट्रार ऑफिसं बघायची होती.

पहिला दिवस: बुडापेस्ट

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा. विमान, सामान, सिमकार्ड सगळं सुरळीत, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही. संध्याकाळी भाच्यानं वाड्याच्या टेकडीवर नेलं. व्हिएन्ना दरवाजापाशी राष्ट्रीय अभिलेखागाराची इमारत आहे, रंगीत कौलांच्या नक्षीचं छप्पर असलेली. बंद झाली होती. मी बाहेरच्या कठड्यावर बसून तिच्याकडे बघत राहिले आणि भाचा माझ्याकडे. १५२६ च्या आधीची एक लाखाहून जास्त कागदपत्रं तिथे जपलेली आहेत, आणि त्यातला मोठा हिस्सा या काप्तालानांच्या हातचा.

ज्यांना प्रवास जमणार नाही त्यांच्यासाठी सांगते: हे मध्ययुगीन दस्त स्कॅन करून 'हंगारिकाना' या संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. लॅटिन येत नसलं तरी शिक्के आणि अक्षर बघायला हरकत नाही. मी त्यात दोन रात्री घालवल्यात.

दुसरा दिवस: एस्टरगोम

न्यूगती स्टेशनवरून सकाळची गाडी, तासाभराहून थोडा जास्त प्रवास. एस्टरगोम हे हंगेरीच्या सर्वांत मोठ्या आर्चबिशपचं गाव. डॅन्यूबच्या काठी टेकडी, टेकडीवर शंभर मीटर उंचीचं चर्च. १८५६ साली ते पावन केलं तेव्हा फ्रान्झ लिस्टनं त्यासाठी खास संगीत रचलं आणि स्वतः वादन-गायनाचं संचालन केलं. आत शिरल्यावर माणूस मुंगीएवढा होतो. मला अशा इमारती फारशा आवडत नाहीत. कुणीतरी आपल्याला गप्प करतंय असं वाटतं.

पण डाव्या हाताला एक छोटं प्रार्थनागृह आहे, लाल संगमरवराचं. आर्चबिशप बाकोत्स तमाश यानं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्सच्या कारागिरांकडून बांधून घेतलेलं. जुनं कॅथेड्रल तुर्की लढायांत उद्ध्वस्त झालं, ही एक खोली उरली. नवं चर्च बांधताना तिचे सोळाशेच्या आसपास तुकडे केले आणि इथे आणून पुन्हा जोडले. हा बाकोत्स कुळवाड्याच्या घरातला. चर्चच्या पायऱ्या चढत चढत आर्चबिशप झाला, १५१३ साली पोपच्या निवडणुकीलाही उभा राहिला आणि हरला. खानदानी सरदारांच्या त्या देशात शेतकऱ्याच्या पोराला वर जायचा जवळपास हा एकच जिना होता. काप्तालानची शाळा, मग परदेशी विद्यापीठ, मग कुठेतरी कानोनोकची जागा.

समोर कानोनोकांची लाकडी आसनं आहेत. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलमध्ये अशीच रांग बघितली होती, तेव्हा वाटलं होतं पाहुण्यांसाठी असेल. ती बसणाऱ्यांच्या हक्काची होती. प्रत्येकाची जागा ठरलेली आणि त्या जागेला उत्पन्न बांधलेलं. वतनच म्हणा ना.

भाचा म्हणाला, "मग देवाचं कधी करायचे हे लोक?"

"तेही करायचे. पण ते करायला बदली माणूस ठेवता येत होता."

हे मी गमतीत म्हटलं, पण खोटं नाही. कानोनोकच्या वतीनं गाणारे, प्रार्थना म्हणणारे कनिष्ठ पाद्री असत.

एस्टरगोमची खरी गोष्ट मात्र इथे नसण्याची आहे. १५२६ ला तुर्कांविरुद्धच्या मोहाचच्या लढाईत राजा मेला, दोन आर्चबिशप आणि पाच बिशप मेले. १५४३ ला तुर्कांनी एस्टरगोम घेतलं. काप्तालाननं शिक्का आणि कागद उचलले आणि नाग्यसोम्बात गाठलं, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातलं त्र्नावा. ते परत कधी आले? १८२० साली. दोनशे सत्त्याहत्तर वर्षं हे ऑफिस दुसऱ्याच्या गावात 'एस्टरगोमचं काप्तालान' या नावानंच चालत होतं. आमचं ऑफिस एकदा रस्त्याच्या या बाजूकडून त्या बाजूला हलवलं होतं. तीन लोखंडी कपाटांतल्या फायली सहा महिने सापडत नव्हत्या.

आणि ज्यांच्या जमिनी तुर्कांच्या मुलखात गेल्या होत्या ते सरदारसुद्धा या परागंदा काप्तालानांकडे येऊन त्या जमिनींचे दस्त करतच राहिले. ताबा एकाचा, कागद दुसऱ्याचा. ही अवस्था समजायला मला दुभाष्या लागला नाही.

दुपारी पुलावरून चालत पलीकडे स्लोव्हाकियात गेलो. १९४४ साली उडवलेला हा पूल २००१ पर्यंत तसाच तुटलेला होता. पलीकडे जाऊन मागे वळा, टेकडीवरचं चर्च तिथूनच नीट दिसतं. आइस्क्रीम युरोमध्ये घ्यावं लागतं, तेवढी नाणी जवळ ठेवा. चर्चचा खजिना, तळघर आणि घुमट यांना तिकीट आहे. घुमटाच्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांनी पाहिल्याच नाहीत.

तिसरा दिवस: वेस्प्रेम

पाऊस. स्टेशन गावापासून लांब, बस डोळ्यांदेखत गेली, आम्ही भिजलो. वेस्प्रेमचा जुना किल्ला म्हणजे कड्यावरची एकच लांब गल्ली. दोन्ही बाजूंना बिशपचा वाडा, कानोनोकांची घरं, टोकाला कॅथेड्रल, आणि पुढे एकदम दरी. काही इमारतींना परांच्या बांधलेल्या होत्या.

दारांच्या आडोशाला उभे असताना छत्री घेतलेले एक आजोबा थांबले. निवृत्त इतिहास शिक्षक. भाच्याचं मोडकं हंगेरियन आणि त्यांचं मोडकं इंग्रजी मिळून काम भागलं. इतक्या लांबून काय बघायला आलात, असं त्यांनी विचारलं. मी "काप्तालान" म्हटल्यावर ते आधी हसले. मग छत्री माझ्या हातात देऊन दोन्ही हातांनी जाळ दाखवला: "१२७६!"

त्या वर्षी चाक पेतेर नावाच्या बड्या सरदारानं वेस्प्रेमवर हल्ला केला. बिशप त्याच्या वैऱ्याच्या घराण्यातला, हे कारण. कॅथेड्रल लुटलं, पाद्री मारले, शाळा आणि तिचा ग्रंथसंग्रह नष्ट केला. नंतर राजानं काढलेल्या पत्रात लिहिलं की फ्रान्समध्ये जसं पॅरिस तसं हंगेरीत विद्येच्या बाबतीत वेस्प्रेम होतं. अशा ठिकाणी शिकलेला मुलगा पुढे काप्तालानच्या कचेरीत दस्त लिहायला बसे. शाळा आणि कचेरी या दोन्हींचा प्रमुख एकच, ओल्वाशो-कानोनोक. शब्दशः 'वाचणारा कानोनोक'. त्याच्या जोडीला एनेक्ल्यो म्हणजे गाणारा, तो संगीत-उपासना बघणार. ओर म्हणजे रखवालदार, तो खजिना सांभाळणार. सगळ्यांच्या वर प्रेपोश्त. पण माझ्या दृष्टीनं खरा माणूस तो वाचणारा.

जळालेल्या कागदांचं काय होतं, हा प्रश्न मी आजोबांना विचारलाच. नोकरीत एका पावसाळ्यात रेकॉर्ड रूममध्ये पाणी शिरलं तेव्हा रात्रभर जागलेली बाई आहे मी. ते म्हणाले, ज्यांच्याकडे स्वतःची प्रत होती ते तरले. अशी प्रत घेऊन माणूस आला की काप्तालान ती तपासून जुना मजकूर शब्दन् शब्द नव्या दस्तात उतरवे आणि वर नवा शिक्का मारे. आज जी मध्ययुगीन कागदपत्रं वाचता येतात त्यातली कितीतरी अशीच दस्ताच्या पोटात दस्त होऊन वाचली आहेत.

जेवायला त्यांनीच एक साधी खानावळ दाखवली. हंगेरीत शाकाहारी माणसानं 'फ्योझेलेक' हा शब्द पाठ करावा. पीठ लावलेली दाट भाजी. त्या दिवशी होती 'शोश्का'. पहिल्या घासाला मी चमचा खाली ठेवला. चुका! आपल्या चुक्याची पातळ भाजी, फक्त लसणाऐवजी साखर घातलेली. साखरेबद्दल मी त्यांना क्षमा केली. "हूश नेल्क्यूल" म्हणजे मांसाशिवाय. तरी फोडणी कशाची हे विचारून घ्या, डुकराची चरबी सर्रास वापरतात.

परतीच्या गाडीत नकाशा बघताना लक्षात आलं की बलातोन तळ्याच्या आसपास काप्तालानतोती, काप्तालानफा अशी गावं आहेत. आपल्याकडे इनामगाव असतं तसं. शिवाय शेतीच्या उत्पन्नाचा दहावा भाग चर्चचा, त्यात काप्तालानचा वाटा. सरदेशमुखीचाही दर हाच.

चौथा दिवस: ग्योर

ऊन पडलं. ग्योरला तीन नद्यांचं पाणी एकत्र येतं आणि त्या संगमावरच्या उंचवट्याचं नावच काप्तालानदोम्ब, काप्तालानची टेकडी. गल्ल्या अरुंद, खिडक्यांत जिरेनियम, एल्डरच्या फुलांचं सरबत प्रत्येक टपरीवर. ते जरूर प्या.

कॅथेड्रलच्या एका बाजूच्या प्रार्थनागृहात संत लास्लोचं मस्तक आहे. अकराव्या शतकातला राजा, त्याची कवटी सोन्या-चांदीच्या अर्धपुतळ्यात बसवलेली. टोकदार दाढी, मोठे डोळे, इतका जिवंत चेहरा की मी नकळत हात जोडले. हा मुखवटा मुळात इथला नाही. तो पूर्वेकडच्या वारादचा. तिथली धामधूम वाढली तेव्हा तो फिरत फिरत १६०७ साली इथे आला. थडगं तिकडे, डोकं इकडे. उद्या तिकडेच जायचं होतं.

दुसऱ्या बाजूला मेरीचं एक चित्र आहे, आयर्लंडहून पळून आलेल्या बिशपनं आणलेलं. १६९७ च्या १७ मार्चला त्या चित्रातून रक्ताचे अश्रू आले अशी श्रद्धा आहे. तिथे गर्दी होती. लास्लोपाशी आम्ही दोघंच.

बाहेर पडताना काळ्या झग्याला जांभळी कड असलेले एक वयस्क पाद्री भेटले. भाच्यानं विचारलं, "तुम्ही कानोनोक का?" होते. काप्तालान अजून आहेत. जमिनी १९४५ च्या जमीन सुधारणेत गेल्या, दस्त १८७४ मध्येच गेले, आता ज्येष्ठ पाद्र्यांचा मान आणि कॅथेड्रलची उपासना एवढं उरलं. मी म्हटलं, "मी रजिस्ट्रार ऑफिसात होते. म्हणजे तुमचीच सहकारी." भाच्यानं ते कसं भाषांतर केलं देव जाणे, पण म्हातारबुवांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि विचारलं, "शीवही चालायला जायचात का?"

नाही, ते तलाठी आणि भूमापनवाले करतात. पण यांचे पूर्वज जायचे. जमीन कुणाला दिली की राजाचा एक माणूस आणि काप्तालाननं पाठवलेला एक पाद्री गावात जात. शेजारच्या जमिनींचे मालक बोलावले जात. मग सगळे मिळून हद्द चालत: या ओकपासून त्या ओढ्यापर्यंत, तिथे मातीचा ढीग करा, पुढे दगड. कुणाची हरकत आहे का, हे विचारून ठराविक दिवस थांबायचं. हरकत आली तर कोर्टाची तारीख, नाही आली तर ताबा. परत आल्यावर काप्तालान राजाला अहवाल लिही. त्या अहवालांतल्या चतुःसीमा वाचल्या तर वाटतं, लॅटिनमध्ये आपलंच खरेदीखत लिहिलंय.

हद्दीची शपथही असे. साक्षीदार अनवाणी, कमरेचा पट्टा सोडून, डोक्यावर मातीचं ढेकूळ धरून शपथ घेत. शिवेच्या तंट्यात मातीला साक्ष ठेवायची रीत आपल्या मुलखालाही नवी नाही. हे सांगितल्यावर त्यांना फार आनंद झाला. आम्हाला दारापर्यंत सोडायला आले.

पाचवा आणि सहावा दिवस: ओरादेआ, म्हणजे वाराद

पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीचा बराच मुलूख शेजाऱ्यांकडे गेला. त्यामुळे जुनी काप्तालानं आज चार-पाच देशांत विखुरलीत. झाग्रेबमध्ये एका अख्ख्या वस्तीचं नाव काप्तोल आहे, स्लोव्हाकियात स्पिश्स्का कापितुला हे जवळपास कानोनोकांचंच एका गल्लीचं गाव आहे. मला सगळं जमणार नव्हतं. वाराद मात्र सोडायचं नव्हतं. ते आता रोमानियात, नाव ओरादेआ. रोमानिया २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात, आल्यानं तोच व्हिसा चालतो.

बुडापेस्टहून गाडीला चार-पाच तास. सपाट मैदान, बाभळीसारखी पांढऱ्या फुलांची झाडं, मधेच करकोच्याचं घरटं. सरहद्दीपलीकडचं पहिलं स्टेशन एपिस्कोपिया बिहोर. एपिस्कोपिया म्हणजे बिशपचं. स्टेशनच सांगतं कुणाच्या जमिनीवर उतरताय ते.

ओरादेआच्या स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर कानोनोकांची रांग आहे. एकाला एक चिकटलेली घरं आणि त्यांच्या पुढून जाणारा कमानींचा लांबलचक ओसरा. पावसात एकाही थेंबाशिवाय घरून चर्चला जाता यावं, अशी सोय. ही अठराव्या शतकातली आणि नंतरची. मध्ययुगात सुरुवातीला कानोनोक एकत्र राहत, एकत्र जेवत. मग ज्याचं त्याचं उत्पन्न वेगळं झालं आणि घरंही. ओसरीत मी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले. कमानी मोजायला लागले आणि पन्नासाच्या पुढे चुकले.

पण ज्यासाठी आले ते इथे नाही, किल्ल्यात आहे. दुसऱ्या दिवशी भाच्याला ऑफिसची मीटिंग होती, मी एकटीच ट्रामनं गेले. पंचकोनी, जाड भिंतींचा किल्ला. आत कुठेतरी जुनं कॅथेड्रल होतं, त्यात संत लास्लोचं थडगं. १६१८ च्या सुमारास ते पाडलं. आता आतल्या चौकात मुलं सायकली चालवत होती.

त्या थडग्यापाशी दिव्य व्हायचं. दिव्य म्हणजे तेच, आपलंच. चोरीचा, चेटकाचा, मारहाणीचा आळ आला आणि पुरावा नसला की न्यायाधीश दोन्ही पक्षांना वारादला पाठवत. काप्तालानच्या देखरेखीखाली आरोपी तापलेलं लोखंड हातात धरून चाले. मग हात बांधून त्यावर शिक्का. काही दिवसांनी शिक्का फोडून बघायचं: जखम स्वच्छ तर सुटला, चिघळली तर दोषी. १२०८ ते १२३५ या काळातल्या ३८९ नोंदींचं एक रजिस्टर काप्तालाननं ठेवलं होतं. एका नोंदीत व्यापाऱ्याची बायको दुसऱ्या बाईवर चेटकाचा आळ घेते, ती बाई लोखंड उचलते आणि सुटते. दोन ओळी, बस. काही ठिकाणी लोखंड तापायच्या आधीच तडजोड झाल्याची नोंद. माणसं सगळीकडे सारखीच.

मराठेशाहीत रवादिव्य होतं. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा, हात पिशवीत बांधून वर मोहर, तिसऱ्या दिवशी उघडून बघायचा. पालीच्या खंडोबापुढे अशी दिव्यं झाल्याचे कागद आहेत. वारादच्या पाद्र्यानं पाली बघितली नाही, पालीच्या कारकुनानं वाराद ऐकलं नाही. दोघांनी मोहर मात्र त्याच जागी मारली, मनगटावर.

आणखी एक. १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या महासभेनं पाद्र्यांना दिव्यात भाग घ्यायला बंदी केली. वारादचं रजिस्टर त्यानंतर वीस वर्षं चालू आहे. परिपत्रक पोचलं नसेल असं नाही. परिपत्रकं पोचतात.

मूळ रजिस्टर हरवलं. १५५० साली कोलोझ्वारला, म्हणजे आजच्या रोमानियातल्या क्लुजला, ते छापलं गेलं म्हणून आपल्याला मिळालं. आणि रजिस्टर थांबल्यावर सहाच वर्षांनी, १२४१ ला, मंगोल आले. वाराद जाळलं. इथल्याच काप्तालानातला एक इटालियन आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ पाद्री), रोगेरियुस, जंगलात लपून वाचला आणि नंतर त्यानं पाहिलेलं सगळं लिहून ठेवलं.

मी चौकातल्या बाकावर बसून हे सगळं डोक्यात घोळवत होते, आणि तिथेच घोळ झाला. परतीच्या गाडीला चारला स्टेशनवर भेटायचं ठरलं होतं. माझ्या मनगटावर यांचं जुनं एचएमटी. बरोबर चारला मी स्टेशनवर हजर. भाचा लाल तोंडानं उभा. रोमानियाचं घड्याळ हंगेरीच्या एक तास पुढे! फोन? चर्चमध्ये गप्प केलेला तो तसाच पर्सच्या तळाशी. गाडी कधीच गेली होती.

"मावशी, सोळा मिस्ड कॉल."

"दस्तावर वेळ लिहिताना मी कधी चुकले नाही रे."

तो हसला, त्यामुळे निभावलं. रात्रीच्या बसची तिकिटं काढली आणि मधल्या वेळात मक्याच्या कण्यांसारखं मामालिगा खाल्लं, वर चीज आणि आंबट साय. घरच्या जेवणाच्या सर्वांत जवळचं मला या प्रवासात हेच वाटलं. सांगायचं ते एवढंच: मनगटी घड्याळ वापरत असाल तर सरहद्दीवर काटे फिरवा. आणि हंगेरीत पासष्टीच्या पुढच्यांना रेल्वे फुकट असते हे ऐकून हरखू नका, ते युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी. बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद.

सातवा दिवस: पुन्हा बुडापेस्ट

काही बघायचं ठरवलं नव्हतं. भाच्यानं नवीन फ्लॅट भाड्यानं घेतला होता, आणि घरमालकाला नोटरीसमोर केलेलं हमीपत्र हवं होतं, मुदत संपली की घर सोडेन असं. "तू थांब घरी, कंटाळशील," म्हणाला. मी चप्पल घालून दारात उभी होते.

तिथे नोटरीला 'क्योझ्येग्झ्यो' म्हणतात. १८७४ चा जो कायदा आला तो यांचाच. त्या दिवसापासून नवे दस्त यांच्याकडे गेले आणि काप्तालानांकडे फक्त जुन्या कागदांच्या नकला देणं उरलं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, एक कुंडी, एक छापयंत्र, चाळिशीतली नोटरीणबाई. इंग्रजीत दस्त करायचा परवाना असलेली नोटरी भाच्यानं मुद्दाम शोधली होती. मी भिंतीशी खुर्चीवर बसले.

बाईंनी पासपोर्ट तपासला, कागद समोर धरला आणि वाचायला लागल्या. मोठ्यानं. पहिल्या ओळीपासून. भाडेकरूचं नाव, आईचं नाव, पत्ता, मुदत, अट क्रमांक एक, अट क्रमांक दोन. भाचा मान हलवत होता, चुळबुळत होता. त्यांनी एक शब्द गाळला नाही. एका ठिकाणी थांबून विचारलं, "हे समजलं का? पुन्हा वाचू?"

आमच्याकडे दिवसाला चाळीस दस्त असायचे. लिहून देणाऱ्याला मी विचारायची, "वाचलंत ना? मान्य आहे ना?" तो हो म्हणायचा, अंगठा लावायचा. कितीजणांनी वाचलेलं असायचं ते मला ठाऊक होतं.

वाचून झालं. सह्या झाल्या. बाईंनी पानं एकत्र करून लाल-पांढऱ्या-हिरव्या दोऱ्यानं ओवली आणि शिक्का मारला. भाच्यानं फाईल घेतली, म्हणाला, "चल, झालं एकदाचं."

मी म्हटलं, "ओल्वाशो-कानोनोक."

नोटरीणबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.